करणची चतुरा

रिठद, ता. रिसोड
९ ऑक्टोबर २०२४

चि. नवीन,
तुले चतुराआजीचा पोटभर आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. देवानंद पोस्टमन दारातूनच ओरडला, "आजी, पुण्याचं पत्र हाय, पेढे काढा!" मी म्हटलं, पेढे कायचे, गुळाचा खडा घे अन् चाल पुढं. मी शिकली चौथीपर्यंत, तेही अर्धी चौथी, म्हणून वाचाले टाइम लागते. पण समजते बरोबर. फोनवर मले आयकू येत नाही, अन् आमचा जानराव तुहा फोन उचलत नाही. त्याचा राग नको मानू. पोराचं, करणचं नाव निघालं का तो उठून वावरात चालला जाते. बाप हाय ना तो.

तं तू आमच्या करणची कम्प्युटरची भाषा सगळ्याइच्या मोबाइलवर आणून राह्यला! वाचून मी एकटीच हासली. शेजारची लिलाबाई कवाडातून पाहे, म्हणे, "चतुरामाय, काय झालं वं?" मी म्हटलं, माह्या नातवानं माह्या नावाची भाषा केली हाय, चतुरा, अन् त्याचा पुण्याचा मैतर ते सगळ्या दुनियेले दाखवणार हाय. ते म्हणे, मराठी असतांना आणखी भाषा कायले पाहिजे? तिले काय सांगावं. मलेच कुटी समजलं होतं.

करण सुटीत घरी आला का ओट्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसे अन् मले विचारे, "आजी, कोणी कवाड उघडं टाकून गेला तं तू काय म्हणते?" मी म्हणे, "कवाड उघडलं तं लावाचं कोणी? तुह्या सासऱ्यानं?" तो खदखद हासे अन् टकटक लिहे. मले वाटे, पोट्टा माही टिंगल करून राह्यला. आता तू लिहिलं का त्या भाषेत कोणी चुकलं तं मशीन माह्याच बोलानं त्याले रागावते. म्हणजे मी आता मुंबई-अमेरिकेच्या माणसाले बी रागावणार! बाप्पा बाप्पा.

त्याची माय गेली तवा तो रांगत होता. माह्या तोंडातलंच उचललं त्यानं सगळं. दिवाळी करून गाडीवर वाशीमले रेल्वे पकडाले निघाला अन् शिरपूरच्या पुढं त्या ट्रकनं... ते मी लिहीत नाही, तुले ठाऊक हाय. या दिवाळीनंतर वर्ष होते.

सोयाबीन घरात आलं. तूर कमरेएवढी झाली. शेळीले दोन पिलं झाली, एक पांढरं, एक कबरं. तू म्हणते का मोबाइलवर आणाले लय अडचणी हाय. कोणत्या ते लिहिजो. मले समजन नाही समजन, तू लिहिजो. तू मूळचा आपल्याकडचा, कामरगावचा हाय हे इसरू नको, पुण्याची भाषा लागली तुह्या पत्राले.

तुही,
चतुराआजी


पुणे
२३ ऑक्टोबर २०२४

ती. आजी,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र खोलीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. "तुह्या सासऱ्यानं" हे करणनं गाळलं होतं. बाकीचं जसंच्या तसं ठेवलंय. कोणी कंस उघडून बंद करायचा विसरला की मशीन म्हणते, "कवाड उघडलं तं लावाचं कोणी?" आणि कोणी आकड्याच्या जागी अक्षर टाकलं की म्हणते, "दुधाच्या गंजात ताक ओतून राह्यला का बाप्पा?"

अडचणी विचारल्यात, सांगतो. माणसानं लिहिलेलं मशीनच्या बोलीत उतरवून देणारा एक दुभाष्या असतो, त्याला कंपायलर म्हणतात. करणचा दुभाष्या फक्त लॅपटॉपवर चालतो. मोबाइलमधल्या इंटरनेटला मात्र एकच बोली नीट कळते, जावास्क्रिप्ट. म्हणून मला तो सगळा दुभाष्याच त्या बोलीत ओतायचा आहे, म्हणजे कोणीही पोरगं गावात बसून, लॅपटॉप नसला तरी, चतुरा शिकू शकेल. करणचीच ती इच्छा होती.

दोघींचे स्वभाव जुळत नाहीत, हा खरा त्रास. चतुरात एकदा ठेवलेली गोष्ट बदलत नाही. बदल पाहिजे तर नवी करायची, जुनी तशीच राहते. जावास्क्रिप्टमध्ये कोणीही येऊन काहीही बदलतो. चतुरा मोठमोठे आकडे पूर्ण मोजते, जावास्क्रिप्ट आकडा फार मोठा झाला की शेवटचं गुपचूप गोल करून टाकते. आणि तिच्याकडं काम करणारा एकच. तो गुंतला की पडदा थिजतो, बोट लावलं तरी हलत नाही.

आणखी एक. करणनं चतुराचा कंपायलर चतुरातच लिहिला. म्हणजे तो बनवायला आधी एक चालता कंपायलर लागतोच, दही लावायला आधी चमचाभर दही लागतं तसं. ते विरजण करणच्या लॅपटॉपवर आहे. दिवाळीत त्यानं तुमच्याजवळ बसून जे लिहिलं तेही तिथंच आहे, इंटरनेटवर चढवायचं राहून गेलं. डिसेंबरात रिठदला येतो आणि घेऊन जातो. त्याच्या बॅगेसकट परत आलेला लॅपटॉप तुमच्या कपाटात आहे म्हणून मला घोर नाही.

तुमचा,
नवीन


रिठद
२६ नोव्हेंबर २०२४

चि. नवीन,
आशीर्वाद.

देवानंद दिवाळीत सासरवाडीले गेलता, म्हणून तुह्यं पत्र मले वर्षाचा कार्यक्रम झाल्यावर भेटलं. एकदा ठेवलं का बदलत नाही! अशी भाषा तं देवानं वापराले पाहिजे होती. मी हे जानरावले वाचून दाखवलं. तो उठून वावरात नाही गेला. तितंच बसून राह्यला. मले लय बरं वाटलं.

आता तुले वर्षाच्या दिवसाचं सांगते, तू असता तं तुह्याबी डोळ्यात पाणी आलं असतं, पण चांगलं पाणी. आमच्यात रीत हाय, वर्षाच्या दिवशी गेलेल्या माणसाची वापराची वस्तू त्याच्याच वयाच्या लेकराले द्याची. घरात दाबून नाही ठेवाची. अन् द्याची ते धुवून द्याची. न धुता देली तं त्याचा जीव वस्तूत अडकते, पुढं जात नाही. म्हणून मी त्याचे सगळे कपडे सोताच्या हातानं धुतले, तो निळा सदरा बी. उन्हात वाळवले, घड्या घातल्या. कपडे राजूले देले, आमच्या गड्याच्या पोराले.

अन् लॅपटॉप कोणाले? मी म्हटलं, रूपालीले! लिलाबाईची नात, रिसोडच्या कॉलेजात कम्प्युटरच शिकते, अन् जवळ कम्प्युटर नाही. पण तो धुवाचा कसा? पाणी तं लावता येत नाही, इतकी मी येडी नाही. मी रूपालीच्या मामाले घेऊन एसटीनं रिसोडले गेली. दुकानवाला भला माणूस. त्याले म्हटलं, बाप्पा, गेलेल्या पोराचा हाय, कोणाले द्याचा हाय, याले आतून धुवून दे. तो समजला. म्हणे, "आजी, सगळं पुसून कोरं करून देतो, फॅक्टरीतून आल्यावानी." पैसे बी घेतले नाही. रूपालीनं उघडला तं आत सगळं निळं निळं, पाटीवानी कोरं. पोट्टीनं माह्या पायावर डोकं ठेवलं. मी म्हटलं, करण सुटला आता. एक वर्षानं मले पहिल्यांदा झोप लागली.

तुले जे विरजण पाहिजे ते रूपालीजवळून घेजो. मशीन तेच हाय, दुकानवाल्यानं काही बदललं नाही. मी तिले सांगून ठेवलं. डिसेंबरात येजो, तुरीच्या शेंगा उकडून देईन, मीठ टाकून. तुले करणवानी आवडतात का नाही ते ठाऊक नाही, पण करणले आवडत.

चतुराआजी


पुणे
१२ डिसेंबर २०२४

ती. आजी,
सा. नमस्कार.

पत्र मिळालं. रूपालीला लॅपटॉप दिलात, चांगलं केलंत. करणला आवडलं असतं.

माझं काम चालू आहे, अडत नाही. डिसेंबरात येणं मात्र जमत नाही, ऑफिसात सुटी नाही. तब्येतीला जपा. शेंगांचं राहू द्या.

नवीन


रिठद
१९ फेब्रुवारी २०२५

नवीन,

तुह्यं ते चार ओळीचं पत्र आलं तवाच मले खटकलं होतं. मंग वाटलं, शहरात काम असन.

काल रूपाली ओट्यावर येऊन बसली. हरभरा सोंगाले माणसं नाही, म्हणून मीच इळा घेऊन वावरात गेलती, आताच आलती. म्हटलं, पोट्टे, तुहा लॅपटॉप दिसत नाही लय दिवसाचा, इकला का? तं ते रडाले लागली. मी म्हटलं, अवं इकला तं इकला, रडते कायले? मंग तिनं सगळं सांगितलं. तू तिले फोन केलता. बंद करून ठेव म्हटलं, हात लावू नको म्हटलं. मामाच्या हातून पुण्याले मागवला. पुसलेलं काढून देणाऱ्या माणसाकडं नेला, तो म्हणे या नव्या मशीनीत पुसलं ते पुसलं, निघत नाही. अन् तू तिले शपथ घातली का आजीले सांगजो नको.

मले काहून नाही सांगितलं? मी म्हातारी हाय, लेकरू नाही.

मी जानरावले सांगितलं. वाटलं, आता हा मले बोलन. बोलला असता तं बरं झालं असतं. तो सकाळच्या एसटीनं रिसोडले गेला, त्या दुकानासमोर उभा राह्यला अन् वापस आला. मी म्हटलं, काय म्हटलं दुकानवाल्याले? तं म्हणे, "काय म्हणू? आपणच साफ कर म्हटलं त्याले." मंग म्हणे, "माय, तू जेवली का?" वर्षभरानं त्यानं मले हे विचारलं.

दिवाळीत मी जे बोलत गेली अन् तो लिहीत गेला, ते मीच पुसून आणलं, एसटीचं तिकीट काढून. तो सदरा बी धुतला. धुवाच्या आधी त्याले त्याचा वास होता रे. मी साबण लावला, घासला, मले वाटे, किती मळवला पोट्ट्यानं. राजू परवा तोच सदरा घालून आलता. मी त्याच्या जवळ जाऊन उभी राह्यली. काहीच नाही. साबणाचा वास.

आता लपवू नको. काय गेलं अन् काय राह्यलं ते सगळं लिव. तुह्या कामाचं काय झालं ते बी लिव. बंद पडलं असन तं बंद पडलं म्हणून लिव. शेजारी कोणाजवळ विरजण भेटत नाही का, इतकंच मले विचाराचं हाय.

चतुराबाई


पुणे
११ मार्च २०२५

ती. आजी,

मले माफ करा. पुण्याची भाषा आज लिहिता येत नाही.

तुमी रीत पाळली. मी पहिल्या पत्रातच 'लॅपटॉपले हात लावू नका' इतकं लिहाले पाहिजे होतं, अन् ते लिहिलं नाही. तुमाले वर्षानं झोप लागली असं तुमी लिहिलं होतं. ते वाचल्यावर माह्या हातानं खरं लिहवलं नाही.

आता सगळं सांगतो. करणनं पुण्यात असतांना जे लिहिलं ते इंटरनेटवर हाय, ते कोणी पुसू शकत नाही. दिवाळीतलं गेलं. तुमच्या ओट्यावरचं सगळं गेलं. कवाडाचं अन् ताकाचं मात्र त्याच्याआधीच्या सुटीतलं हाय, ते त्यानं पुण्यात येऊन इंटरनेटवर चढवलं होतं. दिवाळीत काय काय लिहिलं हे मले ठाऊक नाही. निघाच्या आदल्या दिवशी त्यानं मले फोनवर म्हटलं होतं, "नव्या, आजीनं लय माल देला." इतकंच.

विरजण शेजारी भेटलं. शेजारी म्हणजे मीच. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यानं माह्या कम्प्युटरवर एक जुना चालता कंपायलर टाकून देलता. पण त्या जुन्याले नंतरचं लिहिलेलं समजत नव्हतं, करणनं मधात भाषा लय बदलली. मंग जुन्याकडून थोडा नवा करून घेतला, त्याच्याकडून आणखी थोडा नवा, असं करत करत दिवाळीच्या अलीकडपर्यंत आलो. हिवाळा त्यातच गेला. मंग त्याले सोतालेच जावास्क्रिप्टमध्ये उतरवाले लावलं. आकड्याइचं जमलं. पडदा थिजते त्याच्यासाठी काम मागच्या खोलीत वेगळं बसवलं. पहिल्यांदा सगळं मिळून इतकं जड झालं का मोबाइलवर उघडतांना च्या पिऊन व्हावा. ते हलकं केलं.

आजी, ते चालून राह्यलं. रूपालीच्या फोनवर पाठवलं हाय. तिले दाखवाले सांगा.

एक अडचण राह्यली, तिच्यासाठी मले तुमची गरज हाय. चतुरात एखादं काम पुरं कराले ते काम सोतालेच हाका मारते, थोडं लहान होऊन. ते पुन्हा सोताले, आणखी लहान होऊन. असं खोल खोल जाते, अन् तळ लागला का एक एक करत वर वापस येते, उत्तर घेऊन. करणच्या लॅपटॉपवर खोल जाले लय जागा होती. मोबाइलवर नाही. जितं जमलं तितं मी रस्ता सरळ केला, पण काही कामं जातात खोल, जागा संपते अन् ते तितंच राह्यतात. वर येतच नाहीत. मंग पडद्यावर इंग्रजीत काहीतरी कोरडं येते. कोणाले समजत नाही.

तिथं तुमचं बोलणं पाहिजे. करणनं हे कधी लिहिलं नाही, कारण त्याच्या मशीनवर असं झालंच नाही. ते कुठूनच आणता येत नाही. तुमीच सांगा. कोणी खोल गेलं अन् वापस येऊन नाही राह्यलं, तं तुमी त्याले काय म्हणता?

तुमचाच,
नवीन


रिठद
२७ एप्रिल २०२५

चि. नवीन,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. शेवया-कुरडयाइचे दिवस, सगळ्या बायाइले माह्याच अंगणातली सावली पाहिजे.

रूपालीनं फोनवर उघडून देलं. म्हणे, आजी, इथं काहीही लिव, चूक लिव. मले भेव वाटे, मोडलं तं? ते म्हणे, मोडत नाही. मी एक कंस उघडून सोडून देला, जसं तिनं दाखवलं तसा. अन् खाली आलं, "कवाड उघडलं तं लावाचं कोणी?" अरे नवीन, मी इतकी हासली का लिलाबाई पिठाच्या हातानं पळत आली. माहाच बोल, माह्याच डोळ्यासमोर! मी तिले बी दाखवला. तिनं बी कंस उघडून पाह्यला. मंग ज्या बाया कुरडया टाकत होत्या त्या सगळ्याइले रागावून घेतलं मशीनीकडून. भुरीबाई म्हणे, "चतुरामाय, तुह्या नातवानं तुले अमर करून ठेवलं वं." मी म्हटलं, अमर राहू दे, कुरडयाइचा चीक करपून राह्यला तिकडं.

संध्याकाळी जानराव वावरातून आला. फोन ओट्यावर पडला होता. त्यानं घेतला, रूपालीले विचारलं कसं कराचं ते. मंग बसला. मी चुलीजवळून पाहून राह्यली. तो चुका करून राह्यला होता, नवीन. मुद्दाम. एक चूक करे, वाचे. पुसे. दुसरी करे, वाचे. रूपाली म्हणे, "काका, मी शिकवते ना बरोबर कसं लिहाचं." तो म्हणे, "नको वं बाई. बरोबर लिहिलं तं तो काही बोलत नाही." 'तो' म्हणे जानराव. मशीन नाही म्हटलं त्यानं, माय बी नाही म्हटलं. तो.

मले वाटलं होतं तुह्या प्रश्नाचं उत्तर सोपं हाय. मी दिवसभर कोणाले ना कोणाले बोलतच असते. शेळीले बोलते, कावळ्याले बोलते. पण तुह्यं पत्र उशाशी ठेवून लिहाले बसली. रागावून पाह्यलं. हे कायचं लक्षण, असं लिहिलं, खोडलं. टिंगल करून पाह्यली. तेही खोडलं. तो गेला त्या दिवशी मी त्याले म्हटलं होतं, पोहोचला का फोन करजो. इतकंच. याच्यापुढचं म्हणाची पाळी आलीच नाही, तं तोंडाले कसं असन ते?

तू सगळं इंग्रजी काढून तितं माहं लिहाले मागते. तं लिव. जास्त नाही, इतकंच लिव. रागावल्यावानी नको लिहू, हळू लिव, मशीनीले हळू लिहिता येत असन तं. कोणाचं बी लेकरू असन, लहान असन, मोठं असन, अमेरिकेतलं असन, त्याच्या समोर हे आलं पाहिजे:

"लय खोल गेला ना बाप्पा. राहू दे ते काम. नाही झालं तं नाही झालं, कोणी काही म्हणत नाही. तू वापस ये."

चतुराआजी